आधी जमीन बघा, मग घोड्यावरचा माणूस: रशियन सिम्बॉलिस्ट चित्रातले लोकनायक कसे बघायचे

चित्र उघडलंत की पहिलं काम, नायकावर तळहात ठेवा. हो, खरंच स्क्रीनवर हात ठेवायचा, मोबाईल असेल तर अंगठा पुरतो. घोडा, चिलखत, दाढी, भाला सगळं झाकून टाका आणि जे उरलं ते निदान मिनिटभर बघा, गवत कसलंय, आभाळ किती खाली आलंय, झाडं उंच आहेत की घोड्याच्या गुडघ्याएवढी, वारा कुठून येतोय. मग हात काढा. रशियन सिम्बॉलिस्ट चित्रकार, म्हणजे समोरचं हुबेहूब काढण्यापेक्षा मनःस्थिती चित्रात उतरवू पाहणारे, आणि त्यांच्या जरा आधीची मंडळी, यांची लोककथांवरची चित्रं बघायची ही माझी पद्धत आहे, कारण या चित्रांत नायकाच्या मनात काय चाललंय आणि त्याचं पुढे काय होणार हे चेहऱ्यावर कमी आणि जमिनीवर जास्त दिसतं. चेहरे तर बरेचदा इतके शांत असतात की नवख्या माणसाला मठ्ठ वाटावेत.

आता थोडी गोष्ट माहीत हवी, फार नाही. रशियन खेड्यांमध्ये वीरांच्या लांबलचक गाथा गायल्या जायच्या, त्यांना बिलिना म्हणतात, आणि त्यातल्या वीराला बोगातिर. 1860 च्या दशकात रिब्निकोव्ह नावाच्या माणसाने उत्तरेला ओलोनेत्सच्या भागात, ओनेगा तळ्याच्या आसपास या गाथा गोळा करून छापल्या, मग 1871 मध्ये हिल्फरडिंग तिकडेच गेला आणि आणखी ढीगभर उतरवून आणल्या. शहरातल्या शिकलेल्या लोकांना धक्काच बसला, कारण हे सगळं कधीच मेलंय अशी त्यांची समजूत होती. आपले चित्रकार याच हवेत वाढले.

नायकांपैकी पाच जण ओळखता आले तरी काम होतं. इल्या मुरोमेत्स, मुरोमजवळच्या कराचारोवो गावच्या शेतकऱ्याचा पोरगा, तीस आणि वर तीन वर्षं घरात बसून होता, हातपाय चालत नव्हते, मग वाटसरू यात्रेकरू आले, त्यांनी त्याला पाणी पाजलं आणि तो उठला तो थेट वीर होऊनच. दोब्रिन्या निकितिच, सभ्य, शिकलेला, ड्रॅगन मारणारा. अल्योशा पोपोविच, पाद्र्याचा मुलगा, वयाने लहान आणि चलाख. हे तिघे नेहमीचे. पण चित्रांसाठी मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते जुने दोघं, स्व्यातोगोर आणि मिकुला. स्व्यातोगोर इतका अवजड की सपाट जमिनीला त्याचं ओझं पेलत नाही म्हणून तो डोंगरातच राहतो, आणि मिकुला म्हणजे साधा नांगर धरणारा शेतकरी. मिकुलाकडे एक छोटीशी पिशवी असते, स्व्यातोगोर ती उचलायला जातो आणि उचलता उचलता स्वतःच जमिनीत रुतत जातो, कारण पिशवीत सगळ्या पृथ्वीचं वजन असतं. आणखी एक दुनाय म्हणून वीर आहे, तो मरतो तिथे त्याच्या रक्ताची नदी होते. म्हणजे मूळ गाण्यांतच जमीन नुसती पडून राहत नाही, ती ओझं नाकारते, माणूस गिळते, माणसाची नदी करते. हे एकदा डोक्यात बसलं की चित्रं बघायची निम्मी तयारी झाली.

सुरुवात व्हिक्टर वास्नेत्सोव्हपासून करा. कट्टर लोक लगेच म्हणतील की हा सिम्बॉलिस्ट नाहीच, हा तर पेरेद्विझ्निकी म्हणजे फिरती प्रदर्शनं भरवणाऱ्या वास्तववादी गटातला, आणि ते बरोबरच आहे, पण पुढच्या सगळ्यांना रस्ता त्याने करून दिला, त्याला सोडून थेट सिम्बॉलिस्ट व्रुबेलकडे उडी मारली तर काय बदललं तेच कळत नाही. 1848 चा जन्म, व्यात्का प्रांतातल्या पाद्र्याचा मुलगा, गोष्टी लहानपणी गावातच ऐकलेल्या.

त्याचं तीन घोडेस्वारांचं 'बोगातिर' बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतंच, पण मी सांगेन की त्याआधी 'अल्योनुश्का' बघा, 1881 चं. यात वीर वगैरे कोणी नाही, तळ्याकाठी दगडावर एक अनवाणी पोरगी गुडघ्यावर डोकं टेकून बसलीय. लोककथेतली बहीण, जिच्या भावाचं जादूने करडू होतं. तिच्यावर हात ठेवून बघा. काळं पाणी, त्यावर पडलेली पानं, मागे फरच्या झाडांची गच्च भिंत, किनाऱ्याला तलवारीसारखं उभं गवत. पोरगी नसतानाही चित्र तेवढंच उदास राहतं, किंबहुना जास्तच. हे तळं त्याने मॉस्कोच्या उत्तरेला आब्राम्त्सेवो जवळच्या आख्तिर्का भागात बघितलं होतं. आब्राम्त्सेवो हे नाव लक्षात ठेवा, रेल्वेतून पैसा कमावलेला साव्वा मामोंतोव्ह, त्याची ती इस्टेट, 1870 मध्ये घेतलेली, आणि या लेखातले निम्मे लोक तिथे कधी ना कधी राहून गेलेत.

मग 'चौरस्त्यावरचा वीर', 1882, पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये आहे. माझ्या मते वास्नेत्सोव्हचं सगळ्यात भारी चित्र हेच. पांढऱ्या घोड्यावरचा थकलेला स्वार, भाला खाली झुकलेला, समोर कोरीव अक्षरांचा दगड, पुढे कवटी आणि हाडं, कावळे, मागे मावळतीचा पिवळा लालसर पट्टा. आता हात ठेवा आणि शोधा, रस्ता कुठाय? नाहीये. चित्राच्या नावात चौरस्ता आणि जमिनीवर एकही वाट नाही. आधीच्या आवृत्त्यांमध्ये रस्ता होता, शेवटच्यात त्याने काढून टाकला, आणि एवढ्या एका बदलाने चित्राचं सगळं पारडं फिरलं. दगडावरचं वाचता येणारं वाक्य म्हणजे सरळ गेलास तर जिवंत राहणार नाहीस, बाकीचे पर्याय शेवाळाखाली झाकलेत आणि झिजलेत, हे त्याने स्वतः पत्रात लिहून ठेवलंय. म्हणजे निवड करायची वेळ आहे असं आपल्याला वाटतं पण जमिनीने निवड आधीच काढून घेतलेली आहे. स्वाराचा चेहरा तर धड दिसतही नाही, सगळं त्या ओसाड दलदलीच्या माळाने सांगितलंय.

आता 'बोगातिर'. 1881 ते 1898, म्हणजे मधूनमधून का होईना पण इतकी वर्षं तो त्यावर काम करत होता, आणि कॅनव्हास जवळपास 3 मीटर बाय साडेचार मीटर. फोनवर बघून ते पोस्टर वाटतं, त्याला इलाज नाही, मनातल्या मनात भिंतीएवढं करून बघा. मधे काळ्या घोड्यावर इल्या, हाताची सावली डोळ्यांवर धरून दूर बघतोय, डावीकडे पांढऱ्या घोड्यावर दोब्रिन्या तलवार उपसतोय, उजवीकडे अल्योशा, धनुष्य घेऊन. अल्योशाचा घोडा मान खाली घालून चरायच्या बेतात आहे, मला ही गंमत फार आवडते, मालक सीमेवर पहाऱ्याला आणि घोड्याला भुकेची पडलीय. इथे दोन गोष्टी तपासा. एक, क्षितिज. तिघांची डोकी डोंगराच्या रेषेच्या वर, थेट आभाळात गेलीत, म्हणून ते डोंगराएवढे वाटतात. दुसरी, घोड्यांच्या पायाशी उगवलेली बारकी फरची झाडं. मोठं झाड काढलं असतं तर माणसं लहान झाली असती, बारकं रोप काढून त्याने माणसं मोठी केली. आणि वारा बघा, आयाळ, शेपट्या, गवत सगळं हलतंय, फक्त तिघे स्वार हलत नाहीत. खरं सांगायचं तर चित्र थोडं ताठ आहे, कॅलेंडरसारखं. पण जमीन वाचायची प्रॅक्टिस करायला याच्याइतकं सोपं दुसरं नाही.

या तीन चित्रांवर हात बसला की मग मिखाईल व्रुबेल. इथून खरा सिम्बॉलिझम सुरू होतो आणि इथेच बरेच लोक गोंधळतात, कारण हात ठेवायची युक्ती अचानक चालेनाशी होते. नायक कुठे संपतो आणि झाडोरा कुठे सुरू होतो तेच कळत नाही, मग झाकणार काय? पण तेच तर बघायचं असतं. जिथे तुमची बोटं अडखळतात ती जागा शोधा.

त्याचा 'बोगातिर' 1898 चा, रशियन म्युझियममध्ये, सव्वातीन मीटरच्या आसपास उंच. वास्नेत्सोव्हचं मोठं चित्र पुरं झालं त्याच वर्षी हे आलं, त्यामुळे दोन टॅब उघडून दोन्ही शेजारी ठेवून बघा, याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही. इथे मोकळा माळ नाही, क्षितिज जवळजवळ नाहीच. फरचं दाट जंगल चहूबाजूंनी चिकटलंय, घोडा इतका जाड आणि आखूड पायांचा की ते पाय म्हणजे ओंडके वाटतात, स्वार त्याच्यावर बसलाय म्हणण्यापेक्षा त्यातून उगवलाय. फांद्यांत पक्षी दडलेत, नीट शोधा, सापडतात. संध्याकाळचा उजेड तुकड्यातुकड्याने सगळीकडे सारखाच पसरलाय, चिलखतावर जसा तसाच पानांवर. वास्नेत्सोव्हचा इल्या जमिनीची राखण करतो, व्रुबेलचा इल्या ही जमीनच आहे, उठून उभी राहिलेली. चित्राचा वरचा भाग त्रिकोणी का आहे असा प्रश्न पडेल, तर ते आधी चौकोनीच होतं, प्रदर्शनात नाकारलं गेल्यावर त्याने ते बदलून टाकलं.

मग 'पान', 1899, त्रेत्याकोव्ह गॅलरी. नाव ग्रीक देवाचं पण अंगाने पक्का रशियन रानातला म्हातारा, जंगलाचा राखणदार असतो ना तसला. हे त्याने ब्रियान्स्कजवळ खोतिल्योवोला राजकुमारी तेनिशेवाच्या इस्टेटीवर काढलं, देस्ना नदीकाठी. मागे वाकडे बर्च, क्षितिजाला टेकलेली अर्धी पिवळट लाल चंद्रकोर, नदीचं पाणी. आता त्याच्या डोळ्यांचा निळा रंग बघा आणि मग मागच्या पाण्याकडे बघा. बोटांच्या गाठी बघा आणि मग झाडांची खोडं. कंबरेखालची लव कुठे संपते आणि माती कुठे सुरू होते ते बोट ठेवून दाखवायचा प्रयत्न करा, जमणार नाही. या चित्राला मी सगळ्यात जास्त वेळ देतो आणि तुम्हीही द्या, बाकी चारपाच चित्रं कमी बघितली तरी चालतील.

'हंस राजकन्या', 1900, सगळ्यांना माहीत असते, त्यावर थोडक्यात. रिम्स्की कोर्साकोव्हच्या झार साल्तानवरच्या ऑपेरात व्रुबेलची बायको नादेझ्दा झाबेला हीच ती भूमिका गायची आणि सेट, कपडे व्रुबेलचे, सगळं मामोंतोव्हच्या खाजगी ऑपेरात. चित्र मात्र स्टेजचं नाही. लोक डोळ्यांतच अडकतात, तुम्ही पिसांवरून नजर हळूहळू मागे समुद्राकडे न्या, पिसांचा राखाडी गुलाबी रंग लाटांत कधी मिसळला ते कळत नाही. पाय टेकायला जमीनच नाहीये, म्हणून ती आत्ता आहे आणि पुढच्या क्षणाला नसेल असं वाटतं.

व्रुबेलच्या बाबतीत वेळ नेहमी बघायची. पान, हंस राजकन्या, त्याच सुमाराचं 'रात्रीकडे', सगळीकडे तिन्हीसांजा आहेत. भर दुपारी झाड झाडच असतं आणि माणूस माणूसच, दिवस मावळताना कडा विरघळतात, आणि याला नेमकं तेच हवं होतं. उत्तरेकडचा उन्हाळ्यातला संधिप्रकाश तासन्‌तास टिकतो हेही ध्यानात ठेवा, तो रंग त्याने मनाने काढलेला नाही.

एक सावधगिरी, रंगांबद्दल. व्रुबेलच्या रिप्रॉडक्शनवर अजिबात भरवसा ठेवू नका. एका साइटवर पान हिरवा, दुसरीकडे तपकिरी. त्यातून 'पडलेला दैत्य', 1902 चं, त्यात त्याने ब्राँझची पूड वापरलेली, ती काळाने काळी पडली, म्हणजे मूळ चित्रही आता मूळ राहिलेलं नाही. हा दैत्य लेर्मोंतोव्हच्या कवितेतला, बिलिनातला नव्हे, म्हणून इथे त्याच्यात शिरत नाही, पण 1890 चा 'बसलेला दैत्य' एकदा नक्की बघा, मागची फुलं फुलांसारखी नसून फोडलेल्या दगडांच्या तुकड्यांसारखी आहेत, आणि आडवी चौकट इतकी बुटकी की दैत्याचं डोकं वर अडकतं. जागा कमी पडतेय हे चौकटीनेच सांगितलं. चित्र शक्यतो म्युझियमच्याच साइटवर बघा आणि एकाच चित्राच्या दोनतीन फोटोंची तुलना करा, रंगावरून मोठमोठे निष्कर्ष काढण्याआधी एवढं तरी कराच.

निकोलाय रोरिककडे आलात की हात ठेवायची गरजच संपते कारण माणसं आधीच नखाएवढी असतात. हा कुइंजीचा विद्यार्थी, निसर्गचित्रकाराच्या हाताखाली तयार झालेला, शिवाय तरुणपणापासून जुनी थडगी, टेकाडं उकरणारा, म्हणजे पुरातत्त्वाची खरी आवड. त्यामुळे त्याला वीराच्या मिशा किती लांब यात रस नाही, त्याला त्या काळची टेकडी कशी दिसत असेल यात रस. 1897 चा 'दूत' बघा, रात्र, चंद्र, होडीत दोन माणसं, वर टेकडीवर कुंपणाची वस्ती, एका टोळीवर दुसरी टोळी उठलीय ही बातमी घेऊन निघालेत. चेहरे दिसत नाहीत, बातमीची भीती सगळी त्या पाण्याच्या काळोखात. उलट 1901 चे 'सागरापारचे पाहुणे' म्हणजे रंगांची मजा, निळी नदी, लाल ढाली, नक्षीदार होड्या, आणि आपण वरून बघतोय. त्याच्या चित्रात नेहमी विचारा, मी कुठे उभा आहे? बहुतेक वेळा उत्तर येतं, एखाद्या उंच टेकाडावर, जिथून माणूस छोटा आणि प्रदेश मोठा दिसतो.

'आकाशातलं युद्ध', 1912, हे रोरिकचं मला सगळ्यात पटलेलं. खाली तळ्यातल्या खांबांवरच्या झोपड्यांचं गाव, इवलंसं, आणि बाकी सगळं चित्र ढगांनी व्यापलेलं, एकमेकांवर चालून जाणारे ढग. सुरुवातीला त्याने ढगांत उडणाऱ्या वाल्किरी, म्हणजे नॉर्स पुराणातल्या युद्धदेवता, काढल्या होत्या आणि मग त्यांच्यावर ढग रंगवून टाकले. नायक झाकायचं काम इथे चित्रकारानेच करून ठेवलंय.

मिखाईल नेस्तेरोव्हबद्दल थोडंच बोलतो, कारण त्याचे नायक संत आहेत, वीर नाहीत. पण 'बालक बार्थोलोम्यूला झालेलं दर्शन', 1889 ते 1890, हे वगळता येत नाही. शरद ऋतू, बारीक बारीक झाडं, दूरवर छोटं चर्च, आणि मधे चक्क कोबीचे वाफे. चमत्काराच्या चित्रात भाजीचा मळा! निसर्ग आब्राम्त्सेवोच्या परिसरातला, आणि मुलाचा चेहरा त्याने जवळच्या गावातल्या एका आजारी मुलीवरून घेतला. मुलाचे हडकुळे हात आणि शेजारची काडीसारखी झाडं यांची तुलना करा, एकाच रेषेने काढल्यासारखी आहेत. काही ज्येष्ठ मंडळींनी गॅलरीवाल्या संग्राहक त्रेत्याकोव्हला हे चित्र घेऊ नका म्हणून सांगितलं होतं, त्याने ऐकलं नाही, बरं झालं.

इवान बिलिबिन पुस्तकांच्या चित्रांचा माणूस, त्याच्याकडे काळी ठळक बाह्यरेषा आणि सपाट रंग, त्यामुळे जंगल खोल वाटत नाही, गालिच्यासारखं पसरतं. तो 1902 ते 1904 मध्ये उत्तरेला वोलोग्दा, ओलोनेत्स, अर्खांगेल्स्क भागात फिरला, लाकडी घरं, भरतकाम, नक्षी बघून आला. त्याच्याकडे चित्राइतकंच चौकटीकडे लक्ष द्या, कडेच्या नक्षीत मशरूम, फांद्या, पक्षी असतात आणि बरेचदा निसर्ग तिथेच सरकवलेला असतो.

आता अर्थ लावण्याबद्दल. प्रत्येक कावळा मृत्यू आणि प्रत्येक बर्च म्हणजे रशिया, असं कोष्टक पाठ करून चित्रं बघू नका, कंटाळा येईल आणि चुकीचंही होईल. सिम्बॉलिझम म्हणजे चिन्हांचा शब्दकोश नव्हे, या लोकांना मनःस्थिती हवी होती. म्हणून आधी साधे प्रश्न विचारा. क्षितिज नायकाच्या डोक्याच्या वर की खाली? पाय, खूर, बूड जमिनीला कुठे टेकतंय आणि ती जागा स्पष्ट आहे की पुसट? दिवसाची वेळ कोणती? वाट आहे का? एवढ्याची उत्तरं स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहून काढा आणि मगच त्या चित्राची गोष्ट वाचा. गोष्ट आधी वाचली की डोळे आळशी होतात, मग आपण चित्रात फक्त गोष्टीतली पात्रं मोजत बसतो.

एक मजेशीर तुलना राहिली. व्रुबेलने वोल्गा (नदी नव्हे, बिलिनातला वीर) आणि मिकुला यांच्या भेटीवर माजोलिकाची, म्हणजे रंगीत चकाकीच्या भाजक्या मातीची, मोठी शेकोटी केली, 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळालं. नांगरणारा शेतकरी खरोखरच्या मातीत घडवलेला, यापेक्षा नेमकं माध्यम कुठलं असणार. पीटर्सबर्गला बाझानोव्ह नावाच्या व्यापाऱ्याच्या घरात या शेकोटीची एक प्रत बसवली गेली आणि त्याच घराच्या जेवणाच्या खोलीसाठी 1910 मध्ये रोरिकने बोगातिरांची चित्रमालिका केली, ती आता रशियन म्युझियममध्ये आहे. दोन्हींचे फोटो शोधून शेजारी ठेवा, एकाचा मिकुला जमिनीत मिसळतो, दुसऱ्याचे वीर विस्तीर्ण प्रदेशात ठिपक्यासारखे उभे राहतात.

प्रत्यक्ष बघायची संधी मिळाली तर ढोबळ हिशोब असा: अल्योनुश्का, वास्नेत्सोव्हचे तीन घोडेस्वार, पान, हंस राजकन्या, बार्थोलोम्यू, दूत हे मॉस्कोच्या त्रेत्याकोव्हमध्ये, आणि त्या इमारतीचा प्रसिद्ध दर्शनी भागही वास्नेत्सोव्हच्याच डिझाइनचा. चौरस्त्यावरचा वीर, व्रुबेलचा बोगातिर आणि आकाशातलं युद्ध पीटर्सबर्गला. रोरिक 1928 पासून कुलूच्या खोऱ्यात नग्गरला राहिला आणि 1947 मध्ये तिथेच गेला, त्या घराचं आता म्युझियम आहे, पण तिथे वीर कमी आणि हिमालय जास्त मिळेल. त्याने तिथे बसून 1940 च्या दशकात परत बिलिनातली पात्रं रंगवली, स्व्यातोगोर, मिकुलाची मुलगी नस्तास्या, आणि त्यांच्या मागे बर्फाची शिखरं आहेत. ओनेगाकाठच्या गाण्यातले वीर हिमालयात कसे, असं कुणी विचारलं तर स्व्यातोगोरची गोष्ट आठवा, त्याला तशीही सपाट जमीन चालत नव्हती.